काळी रेघ

वैद्यविद्येंत कानाचें महत्त्व आजचें नाहीं. १८१६ सालीं लेनेक या फ्रेंच वैद्यानें कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, आणि तेव्हांपासून पुढें डॉक्टर म्हटला कीं त्याच्या गळ्यांत नळी ही आलीच. परंतु मनुष्याच्या कानाला ऐकूं न येणारा ध्वनि पोटांत सोडावयाचा, त्याचा प्रतिध्वनि परत घ्यावयाचा आणि तो डोळ्यांनीं पाहावयाचा, ही युक्ति त्याहून विलक्षण. ग्लासगोच्या इयान डोनल्ड यांनीं तिच्या साह्यानें पोटांतील गांठी कशा ओळखतां येतात तें १९५८ सालीं ‘लॅन्सेट’ मध्यें दाखविलें. आज तें यंत्र खिशांतही मावतें. मात्र खिशांत मावणारी वस्तु हाताला वळतेच असें नाहीं, हें आम्हीं नुकतेंच पाहिलें.

आमच्या शिरूर अनंतपाळची एक जुनी विद्यार्थिनी आज एका मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागांत निवासी डॉक्टरांस खाटेजवळची सोनोग्राफी शिकविते. आम्ही पडलों काव्य शिकविणारे. आमच्या वर्गांत ओळीचा अर्थ चुकला तर चार गुणांपलीकडे कोणाचें कांहीं जात नाहीं. दुसऱ्या प्रकारची शिकवण कशी चालते या कुतूहलानें आम्ही तिच्या वर्गांत मागें उभे राहिलों.

धडा चालला होता तो एका धडधाकट सहाध्यायाच्या पोटावर. चार जागा पाहावयाच्या: उजवीकडे यकृत व मूत्रपिंड यांच्यामधील फट, डावीकडे प्लीहेजवळची, खालीं ओटीपोट, आणि वर हृदयाभोंवतालचें आवरण. मार लागून आंत रक्त सांडलें तर तें येथें जमतें, आणि करड्या चित्रांत काळी रेघ होऊन दिसतें. सांगावयास हें एवढेंच. पण प्रोब हातीं घेतल्यावर एकाला यकृत सांपडेना, दुसऱ्याच्या चित्रावर बरगडीची सावली पडली, तिसरा चित्र येईना म्हणून अधिकच दाबूं लागला. बाई कोणावर रागावल्या नाहींत. “मनगट सोडा, बोटांनीं फिरवा. श्वास घ्यायला सांगा आणि थांबा,” एवढेंच त्या म्हणत. थांबा हा शब्द त्या तासांत आम्हीं पंधरा वेळां तरी ऐकला असेल.

मग त्यांनीं जें सांगितलें तें आम्हांस फार मोलाचें वाटलें. रेघ दिसली नाहीं म्हणजे रक्त नाहीं, असें लिहावयाचें नाहीं. ‘दिसलें नाहीं’ इतकेंच लिहावयाचें. थोडें रक्त या तपासणींतून निसटतें, पाठीच्या बाजूस सांडलेलें तर बहुधा दिसतच नाहीं. म्हणून कांहीं वेळानें पुन्हां पाहावयाचें. अमेरिकेंतील या शाखेच्या डॉक्टरांच्या संस्थेनें प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठीं २५ ते ५० वेळां हात फिरला पाहिजे असें ठरविलें आहे. हाताला इतकें, आणि ‘दिसलें नाहीं’ म्हणण्याच्या धीराला किती, तें मोजणारें कोणी नाहीं.

हें सारें शहरी चोचले आहेत असें कोणी म्हणेल. १९८८ च्या डिसेंबरांत आर्मेनियांत भूकंप झाला, तेव्हां येरेवानच्या रुग्णालयांत सुमारे ४०० जखमींचीं पोटें याच यंत्रानें पाहून कोणाला आधीं हात लावावयाचा तें ठरविलें गेलें. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांच्या स्मरणांत आहे त्यांस याचा अर्थ फोडून सांगावयास नको. एरव्हींही शिरूरहून लातूर गांठावयास तासभर तरी जातो, आणि आंत रक्त वाहत असतां एक तास म्हणजे काय!

पण हें यंत्र आमच्याकडे मोकळें नाहीं, आणि तें मोकळें न ठेवण्याची पाळी आम्हींच आणली. गर्भाचें लिंग पाहण्यास आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानें १९८८ सालीं देशांत प्रथम केला. केंद्राचा १९९४ चा. तरी २०११ च्या शिरगणतींत शेजारच्या बीड जिल्ह्यांत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागें मुली होत्या ८०७. मग २०१२ च्या नियमांनीं हलतें यंत्र नोंदलेल्या जागेंतील दाखल रोग्यांपुरतें अथवा फिरत्या दवाखान्यापुरतें बांधून टाकलें, आणि २०१४ सालीं साध्या पदवीधर डॉक्टराला पोटाच्या सोनोग्राफीकरितां सहा महिन्यांचें, ३०० तासांचें शिक्षण ठरविलें गेलें. अपघात विभागांतील डॉक्टरांस हा पहारा जाचतो. जाच खरा आहे. पण पहारा उठवा असें म्हणावयास आमची जीभ रेटत नाहीं. शिकलेले हात वाढवावे आणि नोंदवही चोख ठेवावी, दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाहीं. खेद इतकाच कीं, एका घरानें केलेल्या पापाचा दंड दुसऱ्याच घरच्या सुनेला भरावा लागतो.

त्याच दुपारीं आम्ही विभागाबाहेरच्या बांकावर बसलों असतां अशीच एक सून आंत नेली. दोन महिन्यांचे दिवस गेलेले, चेहरा पांढराफटक. गर्भ पिशवींत न राहतां नळींत वाढला आणि नळी फुटली, कीं असें होतें. आणि तेंही त्याच काळ्या रेघेनें कळतें. पांच मिनिटेंही झालीं नसतील, सकाळच्या वर्गांतली एक निवासी डॉक्टर बाहेर आली. सासू लगबगीनें उठली.

“काय हाय वो मॅडम?”

सोनोग्राफीच्या दाराशीं विचारलेल्या या प्रश्नाला आमच्या भागांत वर्षानुवर्षें एकच अर्थ होता. मुलगी क्षणभर थबकली.

“पोटात रक्त सांडलंय, मावशी. आत्ताच ऑपरेशनला न्यावं लागंल. सही कोण करणार?”

“म्या करते की,” म्हातारी म्हणाली. “आंगठा चालतो का?”