सोनपानांच्या अरण्यातून

पत्र पहिले
निमरोडेल ओढ्याचा काठ. कथेतील तिसऱ्या युगाचे सन 3019, 15 जानेवारी

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

ज्या प्रदेशातून हे पत्र निघत आहे, तो कोणत्याही सरकारी नकाशात सापडत नाही. जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने रचलेल्या मध्य-पृथ्वी नावाच्या कल्पित जगात, धुक्याच्या पर्वतरांगेच्या पूर्वेस आणि अँडुइन या महानदीच्या पश्चिमेस तो वसलेला असून, तेथे जाण्याची मुख्य वाट 1954 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ या ग्रंथाच्या शेवटाकडील तीन सलग प्रकरणांतून जाते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या बृहत्कथेचा हा पहिला खंड. मुग्धा कर्णिक यांच्या ‘स्वामी मुद्रिकांचा’ या अनुवादामुळे ती कथा मराठीतही वाचता येते. प्रदेशाचे पूर्ण नाव लोथलॉरियन, रोजच्या बोलण्यातले लॉरियन, आणि तेथील रहिवासी एल्फ.

एल्फ या शब्दाला मराठीत चपखल प्रतिशब्द नाही, कारण यक्ष म्हटले की कुबेराचा सेवक आठवतो, गंधर्व म्हटले की गायन आठवते आणि परी म्हटले की पंख. टॉल्किनचे एल्फ माणसासारखेच उंच, देखणे आणि कुशल आहेत. त्यांना जरा आणि व्याधी शिवत नाहीत, मात्र शस्त्राने किंवा शोकाने त्यांचा अंत होऊ शकतो, आणि तसे न घडल्यास जग आहे तोवर त्यांना जगावे लागते. चिरंजीवित्व हे वरदान की ओझे, हा प्रश्न अश्वत्थाम्याची कथा सांगितल्या जाणाऱ्या घरात नवा नाही, आणि लॉरियन समजून घ्यायचे तर तोच प्रश्न हाताशी ठेवावा लागतो.

जगावर सत्ता गाजवू पाहणाऱ्या शत्रूची महामुद्रिका, म्हणजे अंगठी, नष्ट करायला निघालेले कथेतील प्रवासी नऊ होते आणि ती फ्रोडोजवळ होती. मोरियाच्या भुयारी नगरीतील पुलावर त्यांचा वाटाड्या गँडाल्फ त्याच दिवशी खोल दरीत कोसळला आणि उरलेले आठजण संध्याकाळी या अरण्याच्या कडेला पोहोचले. वाटेत लागणारा निमरोडेल हा ओढा त्याच नावाच्या एल्फ स्त्रीचा आहे. मोरियात जागा झालेल्या दैत्याच्या भयाने ती दक्षिणेकडे निघाली, डोंगरांत वाट चुकली आणि परतलीच नाही. तिच्यासाठी बंदरात थांबलेल्या अम्रोथ राजाचे जहाज वादळाने समुद्रात ओढून नेले, तेव्हा त्याने किनाऱ्याच्या ओढीने लाटांत उडी घेतली आणि तोही पुन्हा दिसला नाही. राज्याच्या वेशीवरच अशी हरवल्याची कथा ऐकू यावी, ही टॉल्किनची योजना विचारपूर्वक केलेली दिसते.

रात्रीच्या मुक्कामाची जागा म्हणजे तालान, अर्थात झाडाच्या उंच फांद्यांवर बांधलेला लाकडी मजला. शेतातल्या माळ्याची आठवण देणाऱ्या या मजल्याला भिंत नाही, कठडा नाही. वारा ज्या दिशेने येईल त्या दिशेला सरकवता येणारा विणलेला एक हलका पडदा तेवढा असतो आणि वर चढायला दोरीची शिडी. येथील लोकांना गालाध्रिम, म्हणजे वृक्षजन, म्हणतात ते यावरूनच.

कळावे.

पत्र दुसरे
केलेब्रांट नदीच्या पलीकडून, 16 जानेवारी

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

केलेब्रांट, म्हणजे रौप्यनदी, ओलांडायला पूल नाही, कारण पूल शत्रूलाही उपयोगी पडतो. सीमेवरचे रक्षक तीन दोर बांधतात, त्यांतील एक पायाखाली आणि दोन हातांनी धरायला. पाहुणे पार झाले की दोर सोडून गुंडाळून ठेवले जातात. एकांतात राहण्याची ही रीत येथे सर्वत्र दिसते, आणि तिची किंमतही दिसते. रोहनचे घोडेस्वार या अरण्याला मायावी दरी समजतात, गोंडोरचा सरदारपुत्र बोरोमीर येथे पाऊल टाकायला कचरतो, आणि आत गेलेला माणूस जसाच्या तसा बाहेर येत नाही अशी बोलवा दूरवर पसरलेली आहे. जे राज्य कोणाला आत येऊ देत नाही, त्याच्याविषयी बाहेर भलतेच बोलले जाणार, हे ओघानेच आले.

या एकांताचा खरा कस गिम्लीच्या प्रसंगी लागतो. गिम्ली हा प्रवाशांपैकी एक ड्वार्फ, म्हणजे डोंगराच्या पोटात राहणाऱ्या, खाणकाम आणि घडाईत निष्णात असलेल्या ठेंगण्या पण काटक जमातीचा. त्या जमातीशी एल्फांचे जुने वैर असल्याने त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधूनच त्याला पुढे नेण्याचा हुकूम होतो. तो कुऱ्हाडीला हात घालतो आणि पट्टी बांधून चालायला नकार देतो. तेव्हा अ‍ॅरागॉर्न हा प्रवाशांचा आताचा म्होरक्या असा तोडगा काढतो की पट्टी बांधायची तर सर्वांच्याच डोळ्यांवर बांधावी, त्यात लेगोलासही आला, जो स्वतः एल्फ आहे आणि ज्याला हे मुळीच रुचत नाही. पहारेकरी हाल्दीर यावर जे बोलतो त्याचा आशय असा, की शत्रूची शक्ती कशात उघड दिसत असेल तर ती त्याला विरोध करणाऱ्यांत पडलेल्या दुहीत. सर्वांच्या डोळ्यांवर पट्टी हा तोडगा न्यायाचा खरा, पण या रम्य अरण्यातली पहिली वाटचाल सगळ्यांना अंधारात करावी लागली, हे विसरता येत नाही.

कळावे.

पत्र तिसरे
केरिन अम्रोथची टेकडी, 17 जानेवारी

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

डोळ्यांवरची पट्टी सुटते ती या टेकडीवर. माथ्यावर झाडांची दोन वर्तुळे आहेत: बाहेरच्या वर्तुळातील झाडांची साल शुभ्र असून हिवाळ्यामुळे ती निष्पर्ण उभी आहेत, आणि आतल्या वर्तुळात मॅलॉर्न आहेत. पायाखालच्या गवतात दोन फुले दिसतात, एलानोर हे ताऱ्याच्या आकाराचे पिवळे आणि निफ्रेडिल हे फिकट, नाजूक देठाचे.

मॅलॉर्न, म्हणजे सुवर्णवृक्ष, याच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. त्याची साल गुळगुळीत आणि रुपेरी. पाने शरद ऋतूत सोनेरी होतात, पण गळत नाहीत, हिवाळाभर तशीच फांद्यांवर राहतात. वसंतात नवी हिरवी पालवी फुटली की जुनी पाने खाली उतरतात आणि फांद्या पिवळ्या फुलांनी भरून जातात. परिणामी एकाच वेळी जमीन सोन्याची, छत सोन्याचे आणि खांब रुप्याचे असे दृश्य दिसते. सोन्याचा एवढा वापर अन्य लेखकाच्या हाती भडक झाला असता. येथे तो भडक होत नाही, कारण हे सोने पिकल्या पानाचे आहे. जे पान गळायला हवे ते थांबून राहिले आहे, आणि पाहणाऱ्याला त्याच्या देखणेपणाबरोबर हे थांबणेही जाणवते.

मॅलॉर्न लॉरियनचाच असा समज कथा वाचताना होतो, तो मात्र खरा नव्हे. टॉल्किनच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने, क्रिस्टोफर टॉल्किनने, 1980 साली संपादित केलेल्या ‘अनफिनिश्ड टेल्स’ या संग्रहात या झाडाचा प्रवास नोंदलेला आहे. समुद्रात पुढे बुडून गेलेल्या न्यूमेनोर बेटावर हे वृक्ष वाढत असत. तेथील एका राजाने त्याची फळे एल्फराजा गिल-गालाडला भेट दिली, गिल-गालाडच्या भूमीत ती रुजली नाहीत, म्हणून त्याने त्यांतील काही लॉरियनची स्वामिनी गॅलाड्रिएल हिला दिली आणि तिच्या देखरेखीखाली ती लॉरियनमध्ये रुजली, तीही न्यूमेनोरइतकी उंच न होता. या राज्याची जी सर्वांत मोठी खूण, ती बाहेरून आलेली आहे आणि हातोहात आलेली आहे.

याच टेकडीवर अ‍ॅरागॉर्न आणि एल्फकन्या आर्वेन यांनी 39 वर्षांपूर्वी एकमेकांना वचन दिले होते. पुढे त्याच्या मृत्यूनंतर आर्वेन येथेच परत येते, तेव्हा लॉरियन ओस पडलेले असते. मॅलॉर्नची पाने गळत असतात, वसंत मात्र आलेला नसतो, आणि तिचे थडगे याच माथ्यावर होते.

कळावे.

पत्र चौथे
कारास गालाधोन, 16 फेब्रुवारी, निघण्याच्या दिवशी

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

मागील पत्रावर घरून असे विचारले गेले, की हे अरण्य इतके अबाधित राहिले ते कशाच्या बळावर. त्याचे उत्तर या वृक्षनगरीच्या स्वामिनीच्या बोटात आहे. गॅलाड्रिएल ही आपला पती केलेबॉर्न याच्यासह येथे राज्य करते आणि एल्फांच्या तीन अंगठ्यांपैकी नेन्या नावाची हिरेजडित अंगठी गुप्तपणे धारण करते. या तीन अंगठ्या युद्धासाठी किंवा संपत्तीसाठी घडलेल्या नाहीत. जे आहे ते झिजू नये, काळाचा डाग त्याला लागू नये, एवढेच त्यांचे काम. तथापि त्यांची शक्ती शत्रूच्या महामुद्रिकेशी जखडलेली असल्याने एक विलक्षण पेच उभा राहतो: महामुद्रिका शत्रूच्या हाती पडली तर लॉरियन उघडे पडून नष्ट होणार, आणि ती नष्ट झाली तर नेन्याचे बळ ओसरून लॉरियन कोमेजणार. दोन्ही वाटांच्या शेवटी हे राज्य नाही. हे पुरते जाणून, फ्रोडोने स्वतःहून पुढे केलेली महामुद्रिका गॅलाड्रिएल नाकारते, आणि या तीन प्रकरणांत याहून मोठी घटना नाही.

टॉल्किनने आपल्या पत्रव्यवहारात एल्फांच्या या हव्यासाची तुलना देह मसाल्यांत जपून ठेवणाऱ्यांच्या कामाशी केली आहे. हा शब्द कठोर आहे, परंतु तो निर्मात्याने आपल्या सर्वांत लाडक्या सृष्टीविषयी वापरलेला असल्यामुळे मोलाचा आहे. ज्याने मॅलॉर्न कल्पिला, त्यालाच पान थांबवून ठेवण्यातला दोषही दिसत होता.

गिम्लीची हकीकत अपुरी राहिली होती. दरबारात केलेबॉर्न रागाच्या भरात त्याच्या येण्याबद्दल खेद व्यक्त करतो, तेव्हा गॅलाड्रिएल पतीला थांबवते आणि ड्वार्फांच्या हरवलेल्या स्थळांची नावे त्यांच्याच भाषेत उच्चारते. खाली मान घालून बसलेला गिम्ली वर पाहतो आणि शत्रूच्या घरात त्याला जिव्हाळा दिसतो. निरोपाच्या वेळी तो तिच्या केसांपैकी एक बट नव्हे, एकच केस मागतो. ती तीन देते. वैर मिटण्याचे याहून कमी शब्दांतले चित्र शोधूनही सापडणार नाही.

शिदोरीत लेम्बास मिळाले आहेत. मॅलॉर्नच्या पानांत गुंडाळलेल्या या पातळ वड्या मोडल्या नाहीत तर कित्येक दिवस ताज्या राहतात आणि थोड्याशा खाल्ल्या तरी दिवसभराची चाल भागते. घरच्या मुलांना सांगताना तहानलाडू-भूकलाडू म्हटले तरी चालेल. प्रवाशांतल्या, माळीकाम करणाऱ्या सॅमला मात्र साध्या करड्या लाकडाची एक लहान पेटी मिळाली, तिच्यात गॅलाड्रिएलच्या बागेतली माती आणि रुपेरी कवचाचे एक बी आहे.

मुक्काम किती दिवसांचा झाला, याचा उलगडा पुढे नावेत होतो. सॅम आकाशात नवी चंद्रकोर पाहून गोंधळतो, कारण त्याच्या हिशेबाने लॉरियनमध्ये काळ गेलाच नव्हता; अ‍ॅरागॉर्न त्याला समजावतो की काळ थांबला नव्हता, बाहेर जसा गेला तसाच आतही गेला, आणि अख्खा महिना उलटला. तारखाही हेच सांगतात: 17 जानेवारी ते 16 फेब्रुवारी, म्हणजे बरोबर 30 दिवस.

कळावे.

पत्र पाचवे
सेअरहोल, बर्मिंगहॅम

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

हे ठिकाण सरकारी नकाशात आहे. टॉल्किनचा जन्म 1892 साली दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील 1896 मध्ये तेथेच वारल्यावर आई मेबल दोन मुलांसह सेअरहोल या तेव्हाच्या खेड्यात राहिली आणि सुमारे चार वर्षे हे बिऱ्हाड येथे होते. ओढ्याच्या पाण्यावर चालणारी पिठाची चक्की येथे होती आणि ती इमारत आजही संग्रहालय म्हणून उभी आहे. खेडे मात्र शहराने गिळले. चक्कीच्या तळ्यावर झुकलेले एक विलोचे झाड, म्हणजे आपल्याकडील वाळुंजाच्या कुळातले, कोणीतरी तोडले आणि त्याचे लाकूडसुद्धा वापरले नाही, ते तसेच पडून राहिले, ही आठवण टॉल्किनने आयुष्यभर जपली.

लॉरियनमध्ये गॅलाड्रिएलच्या जलदर्पणात, म्हणजे ओढ्याचे पाणी भरलेल्या रुंद पात्रात, सॅमला दिसते ते हेच: त्याच्या शायर या मुलखातली झाडे कोसळत आहेत आणि जुन्या चक्कीच्या जागी विटांची धुरकट इमारत उभी राहत आहे. 1972 साली एका इंग्रजी दैनिकाने उदास वनलागवडीसाठी टॉल्किनचे नाव विशेषण म्हणून वापरले, तेव्हा ऐंशी वर्षांच्या या लेखकाने संपादकाला पत्र लिहून कळवले, की आपण आपल्या सर्व लेखनात झाडांचाच पक्ष घेतलेला आहे आणि लोथलॉरियन सुंदर आहे ते तेथे झाडांवर प्रेम केले गेले म्हणून. अंगठीचे बळ त्याने कारण म्हणून सांगितले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कळावे.

पत्र सहावे
शायर, तेथील गणनेप्रमाणे सन 1420, 6 एप्रिल

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

युद्ध संपले आहे. गेल्या वर्षी मार्चमध्ये लॉरियनवर तीन हल्ले झाले आणि तिन्ही परतवले गेले; नष्ट झालेल्या महामुद्रिकेबरोबर नेन्याचे बळही ओसरले. पुढच्या वर्षी गॅलाड्रिएल समुद्रापार निघून जाईल, केलेबॉर्नही त्यानंतर ते अरण्य सोडील.

जलदर्पणात दिसलेले शायरमध्ये खरे ठरले होते. समारंभाच्या कुरणातला मोठा वृक्षही तोडला गेला होता. सॅमने करड्या पेटीतली माती मुलखातली विशेष सुंदर किंवा लाडकी झाडे जेथे तोडली गेली होती तेथे नवी रोपे लावून त्यांच्या मुळाशी चिमूट-चिमूट वाटून दिली आणि रुपेरी बी त्या कुरणात पेरले. वसंतात तेथे लांब पानांचे, रुपेरी सालीचे एक रोप वर आले आणि आज त्याला सोनेरी फुले आली आहेत. धुक्याच्या पर्वतांच्या पश्चिमेस आणि समुद्राच्या पूर्वेस हा एकच मॅलॉर्न आहे.

कळावे.