अनुभवाचं क्रेडिट

प्रिय सुमे,

तुझा व्हॉट्सॲपवरचा लांबलचक निरोप ऐकला. सगळे झोपल्यावर पुन्हा ऐकला. इतकी वर्षं न्यू जर्सीतल्या नर्सिंग होममध्ये तू म्हाताऱ्यांना भरवलंस, न्हाऊ घातलंस, त्यांच्या मुलांच्या फोनची वाट त्यांच्याजवळ बसून पाहिलीस. आणि आता बीएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदवीची, चौकशी करायला गेलीस तर कॉलेजातली बाई म्हणते, या अनुभवाचं एकही क्रेडिट मिळणार नाही. "मग मी इतकी वर्षं काय केलं गं?" हे विचारताना तुझा आवाज भरून आला होता.

तुला बहुतेक वाटलं असेल की मी तुझ्या बाजूनं त्या बाईला चार शब्द सुनावीन. पण सुमे, तो नियम मला पटतो. नोकरी आणि संसार सांभाळून हीच पदवी मी नुकतीच पुरी केली आहे, म्हणून सांगते.

तो नियम तुझ्या कॉलेजचा नाही. तुमच्याकडे समाजकार्याच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी कौन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशन आहे ना, तिचाच आहे. आधीच्या नोकरीला किंवा आयुष्यातल्या अनुभवाला क्रेडिट द्यायचं नाही आणि बीएसडब्ल्यूला किमान 400 तास फील्डवर्क झालंच पाहिजे. विद्यार्थी अठरा वर्षांचा असो की पन्नाशीचा.

मी कशासाठी शिकले ते तुला ठाऊक आहे. मी अंगणवाडी सेविका, वरच्या मुख्यसेविकेच्या जागेला पदवी लागते आणि आपलं शिक्षण बारावीवर थांबलेलं. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या बीएसडब्ल्यूला बारावी चालते. मी नाव घातलं तेव्हा पदवी किमान 3 वर्षांत, फार तर 6 वर्षांत पुरी करायची असा नियम होता. या मोकळ्या मुदतीमुळेच धीर झाला. एखाद्या वर्षी सासूबाईंचं ऑपरेशन निघालं किंवा पोषण पंधरवडा परीक्षेच्या तोंडावर आला, तर पेपर जूनचा डिसेंबरवर टाकता येतो. माध्यम हिंदी किंवा इंग्रजी, म्हणून हिंदी घेतलं. आधी स्वाध्याय लिहून द्यायचे, त्यांचे गुण 30 टक्के, उरलेले 70 टक्के लेखी परीक्षेला. अभ्यासकेंद्र लांब. शनिवारी-रविवारी एस.टी.नं जायचं. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा मला किती आधार वाटला म्हणून सांगू! आपलं मानधन आहे, पगार नव्हे. जाण्यायेण्याचे पैसे कुठून काढायचे हा विचार दर आठवड्याला असायचाच.

वाचन मात्र मनापासून आवडलं. आपल्याकडचं समाजकार्याचं शिक्षण तुझ्या मुलखातल्या माणसानं सुरू केलं, हे मला तेव्हाच कळलं. क्लिफर्ड मॅन्शर्ट नावाचे अमेरिकन गृहस्थ मुंबईत आले, नागपाड्यात गरीब वस्तीत त्यांनी केंद्र चालवलं आणि त्यातूनच 1936 मध्ये सर दोराबजी टाटांच्या नावानं समाजकार्याची शाळा निघाली. आजची टाटा इन्स्टिट्यूट ती हीच. मेरी रिचमंड या तुमच्याकडच्याच बाईंनी 1917 मध्ये 'सोशल डायग्नोसिस' हे जाडजूड पुस्तक लिहिलं. कुटुंबाला काय मदत द्यायची ते ठरवण्याआधी माहिती कशी गोळा करायची, कुणाचं सांगणं कशाशी ताडून बघायचं, हे त्यात आहे. शंभर वर्षांपूर्वीचं ते सगळं मला आपल्या वस्तीवरच्या घरांना लावून बघता येत होतं. ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा आपला मुकादम मात्र कुठल्याच धड्यात भेटला नाही. तो भेटायला हवा होता. बीड जिल्ह्यातलं घर समजून घ्यायचं आणि मुकादमाकडून आगाऊ उचल किती घेतली ते विचारायचं नाही, असं कसं चालेल?

आता मुद्द्याचं. फील्डवर्क.

आठवड्यातून ठरलेले तास एखाद्या संस्थेत किंवा वस्तीत काम करायचं, प्रत्येक भेटीचा अहवाल लिहायचा आणि पर्यवेक्षक मॅडमसमोर बसून त्यावर बोलायचं. मला वाटलं होतं, हे तर आपण रोजच करतो. घरभेटी म्हणजे आपला हातखंडा. कुठल्या घरात सून गरोदर आहे, कुठलं लेकरू सॅममध्ये, म्हणजे तीव्र कुपोषित आहे आणि कुठलं मॅममध्ये, म्हणजे मध्यम, हे मला रजिस्टर न उघडता सांगता येतं.

पण विचार कर, अंगणवाडीत आपल्या घरभेटीचं कोण काय विचारतं? किती वजनं घेतली, किती जणींना टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा आहार वाटला, पोषण ट्रॅकर ॲपवर किती नोंदी झाल्या. आकडे जुळले की झालं. उंबऱ्यावर बसून मी काय बोलले, ती बाई काय बोलली, कुठे गप्प झाली, हे इतक्या वर्षांत मला कुणीही विचारलं नव्हतं. मॅडमनी विचारलं.

एक प्रसंग सांगते. गाव, आडनाव, काही सांगणार नाही, तूही अंदाज बांधू नकोस. नववीतली मुलगी. दसरा झाला होता, टोळ्या निघायच्या बेतात होत्या आणि घरात लग्नाची बोलणी चालली होती. आता अशा वेळी सेविकेचं काम सगळ्यांना माहीत आहे. गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, त्यांना कळवायचं, 1098 वर फोन करायचा, घरच्यांना कायदा समजावून सांगायचा. मी कायदा समजावला. अहवालात लिहिलं, 'पालक अशिक्षित असून त्यांना मुलीच्या शिक्षणाचे महत्त्व पटलेले नाही.'

मॅडमनी त्या ओळीखाली रेघ मारली आणि विचारलं, "हे आईनं सांगितलं, की तुम्ही ठरवलं?"

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी पानाचे दोन भाग करायला लावले. एकीकडे समोरच्या माणसानं जे म्हटलं ते त्याच्याच शब्दांत, दुसरीकडे मला जे वाटलं ते. पुन्हा त्या घरी गेले. या वेळी पत्रक नाही, वजनकाटा नाही. आई पाचटाच्या छपराच्या सावलीत भांडी गोणीत भरत होती. मी तिला मदत करत बसले आणि ऐकलं. पहिल्या बाजूला तिचं वाक्य लिहिलं, "लेकरू कुणापाशी ठिवू, बाई?"

सगळं त्या प्रश्नात होतं. नवराबायको मिळून एक कोयता, उचल घेऊन झालेली, सहा महिने कारखान्याच्या फडावर. धाकट्या दोघांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह होतं, पण त्या वसतिगृहांचा भर पहिली ते आठवीवर. ही नववीत गेली आणि त्या सोयीतून बाहेर पडली. फडावर न्यावी तर पालावर वयात आलेली पोर, मागं ठेवावी तर म्हातारी आजी अंथरुणाला खिळलेली. शिक्षणाचं महत्त्व आईला चांगलं ठाऊक होतं. पोरीची पाचवीपासूनची प्रगतिपुस्तकं तिनं पिशवीत बांधून ठेवली होती.

मग आमची धावपळ वेगळ्या दिशेनं झाली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 2021 मध्ये सरकारनं भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आणली आहे, तिथे विचारलं, शाळेशी बोललो, मावशीला भेटलो. शेवटी काय ठरलं ते त्या घराचं आहे, पण लग्न झालं नाही आणि पोर दहावीला बसली. कायदा लागतोच, सुमे. तो नसता तर मला त्या घरात विषयच काढता आला नसता. पण नुसता कायदा सांगून मी निघून आले असते तर ते लग्न फार तर दुसऱ्या गावात, रात्रीच्या वेळी झालं असतं.

म्हणून म्हणते, अनुभवाला क्रेडिट देत नाहीत ते बरोबर आहे. अनुभवानं हात तयार होतो, माणसांची भीती जाते, वस्तीत शिरताना जीभ अडखळत नाही. हे मोठं भांडवल आहे, आणि माझ्या वर्गातल्या कॉलेजच्या पोरींकडे ते नव्हतं. पण आपण काम करताना आपल्याला कुणी पाहिलेलं नसतं, आपण काय गृहीत धरून चालतो ते कुणी आपल्याला विचारलेलं नसतं. फील्डवर्कमध्ये नेमकं ते होतं. ते तास माफ केले तर पदवीत वाचायला राहतं, करायला काही राहत नाही.

तुझ्या नर्सिंग होममधली ती आजी, जी जेवायला नाही म्हणते आणि तू लाडीगोडी लावून भरवतेस, तिच्याबद्दल तू मागे बोलली होतीस. बिस्टेक नावाच्या पाद्र्यानं 1957 मध्ये केसवर्कची, म्हणजे एकेका माणसाबरोबरच्या कामाची, सात तत्त्वं मांडली. त्यातलं एक असं की, स्वतःबद्दलचा निर्णय त्या माणसाचा त्यानं घ्यायचा. ती नाही म्हणते म्हणजे नेमकं कशाला नाही म्हणते, हे विचारायला तुझ्या आताच्या नोकरीत वेळ आहे का? फील्डवर्कमध्ये त्यालाच वेळ दिलेला असतो.

एका बाबतीत मात्र मी तुझ्या बाजूनं भांडायला तयार आहे. फील्डवर्कच्या वेळा सगळ्या नोकरी नसलेल्या पोरांना धरून आखलेल्या असतात. संस्था उघडते दहाला, बंद होते पाचला, आणि आपली अंगणवाडी त्याच वेळात. मी अंगणवाडी सुटल्यावर धावायची, मे महिन्याच्या सुट्टीत तास भरून काढायची. माझ्याबरोबरच्या एका आशाताईला हे जमलं नाही. हुशार बाई, पण पोटाचा प्रश्न होता, तिनं मधेच सोडलं. असं व्हायला नको. काम करणाऱ्या बाईला तिच्या कामाच्या जागीच फील्डवर्क करू द्यावं, फक्त काम वेगळं असावं आणि बघणारी व्यक्ती रोजच्या साहेबापेक्षा वेगळी असावी. तुमच्याकडे नोकरीच्या ठिकाणी फील्डवर्क करायची वाट आहे. ते काम कौन्सिलनं ठरवलेल्या नऊ क्षमतांशी जोडून दाखवावं लागतं. कॉलेजात आता जाशील तेव्हा क्रेडिटसाठी वाद घालू नकोस, हे विचार. नर्सिंग होममध्ये सोशल वर्करची खोली असेलच. तिच्या हाताखाली तास भरता येतील का, तेवढ्या वेळापुरतं तुझं भरवण्या-धुण्याचं काम बाजूला ठेवता येईल का, हे लेखी घे.

आणखी एक, फी भरण्याआधी कॉलेजचा अभ्यासक्रम कौन्सिलच्या मान्यतेच्या यादीत आहे ना, ते स्वतः बघ. नुसत्या गोड जाहिरातीवर जाऊ नकोस. मान्यता असली तरच न्यू जर्सीत सर्टिफाइड सोशल वर्कर म्हणून नाव लागेल, आणि पुढे एमएसडब्ल्यू करावंसं वाटलं तर दोन वर्षांऐवजी साधारण वर्षभरात होऊ शकेल.

घरी काय म्हणतात? माझ्याकडे सुरुवातीला कुणी काही म्हणालं नाही, कारण कुणाला खरं वाटलं नव्हतं. मग लेकीची दहावी आणि माझं दुसरं वर्ष एकदम आलं, तेव्हा एका पाटावर तिची वह्या-पुस्तकं, दुसऱ्यावर माझी. सासूबाई चहा करून द्यायच्या, दोघींना एकदम.

मुख्यसेविकेच्या जागा निघतील तेव्हा अर्ज करीनच. तोवर अंगणवाडी आहे. फडावरून परत आलेल्या बायकांची यादी करायला घेतली आहे. या वेळी रकाने मी माझे पाडलेत, आकड्यांशेजारी एक रिकामा रकाना त्यांच्या बोलण्यासाठी.

कॉलेजच्या बाईनं काय उत्तर दिलं ते कळव. आणि तुझ्या फील्डवर्कचे अहवाल कोण वाचणार, ते सगळ्यात आधी विचारून घे.

तुझी,
मंगल