बोगदा की वळणे?
पुतण्याचे लग्न वैशाखात आहे. पण मधुचंद्राचा नकाशा आतापासूनच आमच्या घरात पसरलेला असतो. ल्यूसर्नहून मिलानला कसे जावे, यावर सध्या वाद आहे. पुतण्या म्हणतो, २०१६ साली सुरू झालेल्या ५७ किलोमीटरांच्या गोटहार्ड बोगद्यातून. सुमारे २० मिनिटांत डोंगर पार! वाचलेली दुपार मिलानच्या कॅथीड्रलला. होणाऱ्या सूनबाईला १८८२ सालचा जुना, चढणीचा मार्ग हवा. त्या वाटेवर वासेन नावाचे खेडे लागते. चढ जमावा म्हणून रूळ तेथे डोंगराच्या पोटात वेटोळी घेतात आणि गावचे एकच चर्च प्रवाशाला तीनदा दिसते: आधी वर, मग समोर, शेवटी पायांखाली.

निवाडा माझ्याकडे आला आहे. दोघांची ओळख अवघी तीन महिन्यांची. आमचा मधुचंद्र माथेरानला झाला. तिथली गाडीही वळणे घेतच चढते. संसारात नवी गावे थोडीच लागतात? तेच घर, तेच माणूस पुन्हा पुन्हा समोर येते. दर खेपेस ते निराळ्या उंचीवरून दिसले, तर वाट लांबली म्हणून कोण कुरकुरेल? मिलानची एक दुपार बुडाली तर बुडू द्या. पोरांनो, वळणानेच जा!