सह्याद्रीच्या धारेवरून : नागफणी

शुक्रवार, भीमाशंकर

मंचरमार्गे एसटीने संध्याकाळी पोचलो. दर्शन झालं, पिठलं-भाकरी झाली. रात्री उशिरापर्यंत गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

शनिवार, नागफणी

उजाडताच हनुमान तळ्याची वाट धरली आणि थोड्याच वेळात रानात शिरलो. जांभूळ, हिरडा, आंबा, मधूनच अंजनी. ती सध्या ऐन बहरात आहे. निळ्याजांभळ्या फुलांचे झुपके थेट जुन्या फांद्यांना चिकटलेले आणि त्यांच्यावर मधमाश्यांची नुसती झुंबड.

वाटेत हिरडा गोळा करणाऱ्या एक मावशी भेटल्या. टोपलीत नखाएवढी हिरवी फळं होती. ती उन्हात वाळून काळी पडली की झाला बाळहिरडा. इथल्या महादेव कोळी घरांना या विक्रीचा मोठा आधार असतो. शेकरू दिसेल का, विचारलं.

"दिसंल की. पर गलका नका करू."

खरंच दिसलं. आधी डोक्यावर पानं सळसळली, मग सालीचे तुकडे खाली पडले. वर पाहतो तर तांबूस पाठ, फिकट झुपकेदार शेपूट. मागच्या पायांनी फांदी धरून स्वारी उलटी लोंबकळत होती. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असतील तरच त्याचा रस्ता शाबूत राहतो. मुख्यतः त्याच्यासाठीच १९८५ साली हे अभयारण्य झालं, सुमारे १३० चौरस किलोमीटरचं.

रान संपलं आणि एकदम नागफणीचा कडा आला. खाली कोकण, समोर पदरगडाचे सुळके, पायथ्याशी खांडसची कौलं. वारा सोडला तर कसलाही आवाज नाही. या धारेच्या पश्चिमेला पडलेला पाऊस अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेचा भीमेतून पंढरपूरला जातो, पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरापर्यंत पोचतो. वारीत चंद्रभागेत, म्हणजे याच भीमेत, उतरणाऱ्याने तिच्या माथ्यावरचं हे रान एकदा तरी पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

परतताना एक घोळका स्पीकर लावून वर चालला होता. गाणी घरी ऐका. इथे निदान तासभर गप्प बसा, आणलेलं प्लास्टिक परत न्या आणि पावसाळ्यात धुकं असेल तर कड्याकडे फिरकू नका.