समुद्रकाठचे ‘हॉटेल’ आणि सूर्यास्ताची मर्यादा

जव्हार, मोखाडा, वावर या डोंगरी मुलखातील कुटुंबांना समुद्र पाहायचा असेल, तर घाट उतरून चारोटीमार्गे डहाणू किंवा बोर्डी गाठावी लागते. सुरूच्या सावलीत सतरंजी अंथरायची, घरून आणलेले ठेपले आणि दशम्यांचे डबे उघडायचे, ओहोटीने दूर गेलेल्या पाण्याकडे मुलांना धावू द्यायचे आणि सूर्य पाण्याला टेकण्यापूर्वी चौविहार करायचा, अशी या सहलीची रीत आहे. बोर्डीचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. तेथे व्रत पाळणाऱ्याला घड्याळाची गरज भासत नाही. सूर्य डोळ्यांसमोरच असतो.

आज आपल्या समाजातील अनेक घरांतली मुले सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन येथे स्थिरावली आहेत. आईवडील काही महिन्यांसाठी त्यांच्याकडे जातात. पहिल्या-दुसऱ्या रविवारीच मुलगा किंवा सून म्हणते, “चला, समुद्रावरच्या हॉटेलात जेवायला जाऊ.” आपल्याकडे हॉटेल म्हणजे चहा-फराळाचे ठिकाण. ऑस्ट्रेलियात मात्र पाटीवर ‘हॉटेल’ असले तरी ते बहुधा पब असते. जुन्या परवाना कायद्यांत मद्यविक्रीबरोबर प्रवाशांना उतरण्याची सोय ठेवण्याची अट असे, म्हणून हे नाव चिकटले आणि टिकले. दाराशी आल्यावर हा उलगडा होतो आणि आत जावे की न जावे, असा प्रश्न वडीलधाऱ्यांपुढे उभा राहतो.

सिडनीचा वॉटसन्स बे हा भाग अशा सहलीसाठी प्रसिद्ध आहे. सर्क्युलर की येथून फेरीबोटीने सुमारे अर्ध्या तासात तेथे पोहोचता येते. 1788 साली आलेल्या पहिल्या ताफ्यातील ‘सिरियस’ या जहाजावरील रॉबर्ट वॉटसन यांचे नाव या खाडीला मिळाले. पुढे तेच जवळच्या मॅक्वारी दीपगृहाचे पहिले रखवालदार झाले. ते दीपगृह 1818 चे. आज दिसते ती वास्तू 1883 ची. एका अंगाला ‘द गॅप’चे उभे कडे आणि त्यांवर आदळणारा पॅसिफिक महासागर, दुसऱ्या अंगाला बंदराचे शांत पाणी. धक्क्याला लागूनच वॉटसन्स बे हॉटेल आहे. सिडनीचे बहुतेक समुद्रकिनारे पूर्वाभिमुख आहेत. तेथे सूर्य पाठीमागे, वस्तीआड मावळतो. ही खाडी मात्र पश्चिमेकडे पाहते, त्यामुळे शहराच्या उंच इमारतींमागे उतरणारा सूर्य येथून स्पष्ट दिसतो.

अशा पबच्या मोकळ्या अंगणात शिरल्यावर पहिला धक्का बसतो तो तेथील घरगुतीपणाचा. बाबागाड्या, आजीआजोबा, वाळूने भरलेल्या पायांची मुले, कोठे घसरगुंडी, तर कोठे मुलांना चित्रे रंगवायला दिलेले कागद. वाढपी टेबलाशी येत नाही. काउंटरवर जाऊन पदार्थ सांगायचे, पैसे आधी भरायचे, क्रमांकाची पाटी टेबलावर ठेवायची. पाणी, काटे-चमचे आपणच आणायचे. बक्षिसी देण्याचे बंधन नाही. अठरा वर्षांखालील मुलास मद्य देणे गुन्हा आहे आणि मुलांनी पालकांसह, ठरवून दिलेल्या भागातच बसायचे असते.

ही शिस्त पूर्वीपासून नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळात, मद्यबंदीच्या चळवळीच्या रेट्याने, 1916 साली न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया व टास्मानिया या राज्यांत पब सायंकाळी सहाला बंद करण्याचा नियम लागू झाला. पुरुषांनी वेळेवर घरी जावे, संसार वाचावेत, हा त्यामागचा सद्हेतू होता. घडले उलटेच. पाचला काम सुटे आणि सहाला दार बंद होई. त्या एका तासात माणसे उभ्या-उभ्याच जमेल तेवढे मद्य घशाखाली लोटत. अशा गर्दीत कुटुंबाला जागा कोठून असणार? न्यू साउथ वेल्सने हा नियम 1955 मध्ये उठवला, व्हिक्टोरियाने 1966 मध्ये. स्त्रियांना तर मुख्य बारमध्ये बहुतेक ठिकाणी मज्जावच असे. 1965 साली ब्रिस्बेनच्या रेगाटा हॉटेलात मर्ल थॉर्नटन आणि रोझली बॉग्नर या दोघींनी स्वतःला साखळीने बारच्या कठड्याशी बांधून घेतले. क्वीन्सलंडचा कायदा 1970 मध्ये बदलला. पुढे वाहनचालकांच्या श्वासाची अचानक तपासणी सुरू झाली, व्हिक्टोरियात 1976 मध्ये आणि न्यू साउथ वेल्समध्ये 1982 मध्ये. जेवण, मोकळे अंगण, मुलांची सोय यांना जसजसे महत्त्व आले, तसतसा पबचा चेहरा बदलत गेला.

सहाच्या या नियमात आपल्यालाही विचार करण्यासारखे आहे. आपल्याकडेही सायंकाळची एक मर्यादा आहे. पण ती कोणी बाहेरून लादलेली नाही, पच्चक्खाण घेऊन स्वतः स्वीकारलेली आहे. कायद्याची वेळ जवळ आली की माणूस घाईघाईने पेला भरत असे. व्रताची वेळ जवळ आली की श्रावक शांतपणे ताट बाजूला करतो. परक्या टेबलावरही व्रत निभावते ते याच बळावर.

मात्र त्यासाठी माहिती हवी. यादीत पदार्थापुढे शाकाहाराची खूण असते, परंतु तिकडच्या शाकाहारात अंडे चालते. बटाट्याच्या चिप्स हा पबचा मुख्य पदार्थ. तो कंदमूळ तर आहेच, शिवाय मासे तळलेल्या तेलातच अनेकदा तळला जातो. ‘सीझर सॅलड’मध्ये लहान मासळी असते, थंड मिष्टान्नांत जिलेटिन असू शकते, चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट असू शकते, टोमॅटोच्या सॉसमध्ये कांदा-लसूण जवळजवळ ठरलेला. ‘लेमन, लाइम अँड बिटर्स’ हे पेय मुलेही पितात, पण त्यात घातलेले ‘बिटर्स’ मद्यार्कयुक्त असते. ‘जिंजर बिअर’ सहसा मद्यविरहित म्हणून विकली जाते, तथापि ती आल्याची आणि आंबवलेली असते. नुसता लिंबू-सोडा, कांद्याविना साधे सॅलड, फळे एवढ्यावर भागवावे लागते. काउंटरवर स्पष्ट विचारले तर कोणी रागावत नाही. पदार्थांच्या ॲलर्जीमुळे असे प्रश्न तेथे रोजचेच झाले आहेत. बहुतेक जैन कुटुंबे घरून निघतानाच जेवतात किंवा बाहेर हिरवळीवरील बाकावर डबा उघडतात आणि नंतर मित्रमंडळींत येऊन बसतात. भारतातून खाखरे न्यायचे असल्यास विमानतळावरील पत्रकात त्यांची नोंद अवश्य करावी. न केल्यास दंड होऊ शकतो.

खाण्यापिण्याखेरीज आणखी एक बाब डोळे उघडे ठेवून पाहिली पाहिजे. न्यू साउथ वेल्समध्ये जुगाराची यंत्रे 1956 पासून क्लबांत आणि 1997 पासून पबांतही कायदेशीर आहेत. अनेक पबांत त्यांची वेगळी खोली असते. सप्तव्यसनांपैकी जुगार, मांस आणि मद्य ही तीन तेथे एका छपराखाली नांदतात. मुलांची स्वस्त थाळी, मोफत खेळणी, समुद्राचा वारा हे सारे खरे. पण दुकानदाराच्या घरात वाढलेल्या माणसाला हेही कळते की कोणत्या गल्ल्यावरचा नफा कोणत्या गल्ल्यावरची सवलत पोसतो. म्हणून काही घरांतील वडीलधारी आत पाऊल टाकत नाहीत. त्यांचा निर्णय आदराने मान्य करावा, त्यांना ‘जुनाट’ म्हणू नये. आत जाणाऱ्यांनी निदान एवढे करावे की नातवंडांना त्या बंद खोलीचा अर्थ समजावून सांगावा. गाडी चालवणाऱ्यासाठी रक्तातील मद्याची मर्यादा तिकडे 0.05 टक्के, आपल्याकडे 0.03 टक्के, ज्याच्या घरात ती शून्य आहे, त्याने ती शून्यच राखावी.

आजी-आजोबांनी अशा प्रसंगी घरीच थांबावे की सोबत जावे, हा प्रश्न वरवर लहान वाटतो. परंतु परदेशातील नातवंडांचे मित्र, त्यांचे वाढदिवस, त्यांचे शेजारी याच अंगणांत भेटतात. आजी सहाला शांतपणे “माझे झाले” म्हणते आणि तरीही आठपर्यंत हसत गप्पा मारत बसते, हे नातवाने प्रत्यक्ष पाहिले, तर त्याला नियमाचे मोल पाठशाळेतल्या धड्याहून अधिक कळेल.

प्रवासाची वेळ ठरवतानाही सूर्याचा हिशेब मांडावा. डिसेंबरअखेर सिडनीत सूर्यास्त आठ वाजून गेल्यावर होतो, मेलबर्नमध्ये पावणेनऊच्या सुमारास. तेथील पबची स्वयंपाकघरे सायंकाळी साडेपाच-सहाला उघडतात, म्हणजे दिवस हाती भरपूर उरतो. ब्रिस्बेनमध्ये घड्याळ पुढे करीत नाहीत, त्यामुळे तेथे त्याच दिवसांत पावणेसातच्या आसपासच सूर्य मावळतो. जूनअखेर मात्र सिडनीत पाच वाजण्यापूर्वीच अंधारू लागते, आणि आपला चातुर्मास नेमका त्यांच्या हिवाळ्यात सुरू होतो. पर्युषणात, ऑगस्टअखेर, साडेपाच-पावणेसहालाच दिवस संपतो. कामावरून परतणाऱ्या मुलांना घरचे जेवणही तेव्हा साधत नाही. समुद्रकाठी सर्वांनी एकत्र बसायचे असेल, तर दिवाळी ते होळी हा काळ सोयीचा. चातुर्मासात जाणाऱ्यांनी रविवार दुपारचा ठेवावा, डबा सोबत घ्यावा आणि परतीची बोट चारच्या आत पकडावी.