पाणसळ घरी ठेवा

मामानं त्याच्या मासेमारीच्या बोटीतल्या केबिनची मापं फोनवरच सांगितली: रुंदी आठ फूट, लांबी अकरा, उंची सव्वासहा. पुण्यात मुलांच्या खोल्या मी याहून लहान केल्यात, त्यामुळे दोन संध्याकाळी बसून ड्रॉइंग उरकलं. पांढरा सनमायका, हलक्या हातानं मिटणारे ड्रॉवर, खिडकीखाली ओटा, ओट्याखाली सिलिंडरचं कपाट, मागे चार बंक. मामा खूश. त्याला ओट्यावर ग्रॅनाइटही हवं होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी आंजर्ल्याला पोचले. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस ट्रॉलर बंद. हर्णैला पावसाळ्यात आडोसा नाही, म्हणून तिथल्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत येऊन राहतात. मामाची बोट ओहोटीला चिखलात टेकली होती. जुनी केबिन सुतारकाकांनी आधीच उपसून काढलेली. डिझेल, सुकट आणि ओल्या गाद्यांचा वास मात्र तिथंच होता.

मी पिशवीतून पाणसळ काढली आणि ओट्याच्या चौकटीवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला. पाचर सरकवून मी तो मध्यावर आणला आणि चहाला गेले. परत येईपर्यंत भरतीनं बोट उचलली होती, आणि बुडबुडा दुसऱ्या टोकाला जाऊन बसला होता. सुतारकाका हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता. एवढंच म्हणाले, "ताई, पाणसळ घरी ठेवा. हिथं जमीन नाय."

मग त्यांनी नाळेपासून मागच्या टोकापर्यंत बोटीच्या बरोबर मध्यावर दोरी ताणली. सगळी मापं त्या दोरीपासून. डावीकडं चौदा इंच, तर उजवीकडंही चौदा. गुण्यासुद्धा पिशवीतच राहिला, कारण केबिनीत काटकोन म्हणावा असा एकही कोपरा नव्हता. तख्त मध्यावर किंचित फुगीर असतं, पाणी दोन्ही बाजूंनी वाहून जावं म्हणून. भिंतीही आत कललेल्या. प्रत्येक फळी पुठ्ठ्यावर आकार उतरवून कापावी लागली.

ग्रॅनाइटवरून घरात दोन दिवस वाद झाला. अठरा मिलिमीटर जाडीचं ग्रॅनाइट चौरस मीटरला पन्नास किलोच्या आसपास भरतं, आणि केबिन ही बोटीची सगळ्यात उंच जागा. तिथं चढवलेलं वजन बोट कलताना कलत्या बाजूलाच ओढतं. मी आकडे मांडले. मामा म्हणाला, शेजाऱ्याच्या बोटीत टाइल्स आहेत. शेवटी बोट चालवणाऱ्या तांडेलकाकांनी एका वाक्यात निकाल लावला. "दगड बसवायचा तर तळात बसव." ओटा 'आयएस 710'च्या मरीन प्लायचा झाला, वर स्टीलचा पत्रा.

माझं सिलिंडरचं कपाटही तिथंच निकालात निघालं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर निदान दार उघडता येतं, बोटीत तो खाली तळात जाऊन साचतो, इंजिनाच्या शेजारी. सिलिंडर बाहेर, उघड्यावर, पट्ट्यानं बांधून. हे मला कुणी तरी सांगावं लागलं, याची लाज अजून वाटते.

ड्रॉवरचं तर हसंच झालं. मी पुण्याहून नेलेले चॅनेल इतके गुळगुळीत, की लाटेबरोबर ड्रॉवर आपोआप बाहेर येऊन माणसाच्या मांडीवर आदळले असते. सुतारकाकांनी ते काढून टाकले, साध्या लाकडी पट्ट्यांवर ड्रॉवर बसवले आणि पुढच्या बाजूला खालून एक खाच ठेवली. ड्रॉवर आधी अर्धा इंच वर उचलायचा, मग ओढायचा. खाचेमुळे तो स्वतःहून कधीच उघडत नाही. माझ्या पुण्याच्या बिजागऱ्यांवरही तीन आठवड्यांत चहाच्या रंगाचे डाग पडले. त्या 304 स्टीलच्या होत्या. खाऱ्या हवेला 316 लागतं. मिळेपर्यंत पितळेच्या लावल्या.

बंक मी तीस इंच रुंद धरले होते. खलाशांपैकी एक नेपाळचा पोरगा फळीवर आडवा झाला आणि दोन्ही कोपर हवेत पसरून म्हणाला, "यात लोळणार ना दीदी." बावीस इंच केले, कडेला चार इंची पट्टी लावली. अंग दोन्हीकडून टेकलं की झोप लागते. त्याला आणखी काय हवं होतं? प्रत्येकाला मोबाइल चार्ज करायला आपापली जागा, आणि ओले कपडे कोरड्या कपड्यांपासून लांब. सात माणसं, आठ-दहा दिवस. माझ्या ड्रॉइंगमध्ये कपड्यांचा विचारच नव्हता.

जुलैच्या शेवटी, वारा पडलेला पाहून, आंजर्ल्याहून हर्णैकडं बोट चालवून पाहिली. सुवर्णदुर्ग समोर, म्हणजे सरळ दक्षिण. तांडेलकाकांनी चाक धरून खाली पाहिलं, मग वर किल्ल्याकडं, मग पुन्हा खाली. होका, म्हणजे होकायंत्र, किल्ला भलत्याच दिशेला दाखवत होता. वायरिंग तपासलं, काच पुसली. शेवटी काकांनी होक्याशेजारच्या खणात हात घालून मामानं हौसेनं बसवलेला गाण्यांचा स्पीकर उचलला, तसा काटा सावकाश फिरून जागेवर आला. स्पीकरमधलं चुंबक. "जीपीएस हाय की," मामा पुटपुटला. "बॅटरी हाय तवर," काका म्हणाले. स्पीकर मागच्या भिंतीला गेला.

सप्टेंबरात पुन्हा गेले. पांढऱ्या सनमायकावर हळदीचे डाग होते, ते धरूनच चालले होते. रात्री डोळे दिपू नयेत म्हणून चाकापाशी लावलेला लाल दिवा छान चालला होता. पण बंकांच्या कडेच्या पट्टीला जुन्या जाळ्याचा दोर घट्ट गुंडाळलेला. का, विचारलं.

"उतरताना गुडघा लागतो," नेपाळचा पोरगा म्हणाला, आणि पँट वर करून निळा डाग दाखवला. मी वही काढली आणि पट्टीची वरची कड गोल करून काढली. पुढच्या जूनसाठी.