पावणेदोन सेकंद

रस्त्यानं रोल्स-रॉइस गेली तर मला तिचा हेवा वाटत नाही. राजवाडा बघावा तशी मी ती बघतो आणि विसरून जातो. हेवा वाटायला वस्तू आपल्या वस्तूच्या जवळची असावी लागते. गावातल्या सावकारीणबाईंच्या अंगभर दागिन्यांचं माझ्या आईला कधी काही वाटलं नाही. पण शेजारच्या काकूंच्या पाटल्या अगदी आईच्या पाटल्यांसारख्या, फक्त अर्ध्या तोळ्यानं जड आहेत असं कळलं, तेव्हा ती दोन दिवस गप्प गप्प होती.

२०१९ च्या उन्हाळ्यात माझं नेमकं तेच झालं. माझ्या पाटल्या म्हणजे माझी मोटारगाडी.

इंग्लंडात शेफील्डला मी बरीच वर्षं राहतो. हे पोलादाचं गाव. १९१३ साली हॅरी ब्रेअर्ली यांना न गंजणारं पोलाद सापडलं ते इथंच. पण मला गाव आवडतं ते त्याच्या पश्चिमेच्या वेशीसाठी. त्या बाजूनं बाहेर पडलं की घरं विरळ होतात, दगडी गडगे सुरू होतात आणि पीक डिस्ट्रिक्टचे डोंगर समोर येऊन उभे राहतात. त्या डोंगरांतल्या वळणावळणाच्या रस्त्यांसाठी म्हणून, मुलं शिकून बाहेर पडल्यावर, मी २०१६ साली एक छोटी स्पोर्ट्स कार घेतली. माझदा कंपनीची एमएक्स-५. दोनच माणसांची गाडी. टांग्याला असतो तसा कापडी टप. तोही बसल्या जागेवरून हातानं मागं ढकलायचा. "दोघांनीच फिरायचं असेल तर चालतही जाता येतं," असं बायको म्हणाली; पण पहिल्याच रविवारी डोक्याला रुमाल बांधून ती माझ्या आधी गाडीत जाऊन बसली.

ही गाडी पहिल्यांदा लोकांपुढं आली ती १९८९ साली, शिकागोच्या प्रदर्शनात. २०१६ साली, म्हणजे मी माझी घेतली त्याच साली, कारखान्यातून दहा लाखावी गाडी बाहेर पडली. ती घडवणाऱ्या जपानी माणसांनी एक सूत्र डोळ्यांपुढं ठेवलं होतं: 'जिनबा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. म्हणून गाडी हलकी ठेवायची, हजार किलोंच्या आसपास. इंजिन पुढं, जोर मागच्या चाकांवर, आणि गिअरचा दांडा मनगटाच्या एका हिसक्यानं हलेल असा आखूड.

घोडा आणि स्वार एकजीव झालेले मी लहानपणी पाहिले होते. स्वार माझे वडील आणि घोडा त्यांची स्कूटर. नंबर लावून कित्येक वर्षं वाट पाहिल्यावर मिळालेली. साताऱ्याहून वाईमार्गे पाचगणीला जाताना पसरणीचा घाट लागला की दादांची बसण्याची ढब बदलायची. पुढं उभा मी, मागं आई, आईच्या मांडीवर ताई. तिसऱ्या गिअरात स्कूटर दम टाकू लागली की दादा आवाजावरून ओळखायचे, हलकेच दुसरा टाकायचे आणि बैलाला म्हणावं तसं "चल गं बाई" म्हणायचे. माथ्यावर पोचलो की स्कूटर निवायला उभी करून तिच्या पत्र्यावर थाप मारायचे. घाट आपण तिघी-चौघांनी मिळून चढलो, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं.

माझ्या गाडीचं इंजिन दीड लिटरचं, १३१ अश्वशक्तीचं. स्पोर्ट्स कार म्हणवणाऱ्या गाडीला ही ताकद बेताचीच. पण तीन वर्षं मला त्याची आठवणही झाली नव्हती. वार्षिक तपासणीसाठी गाडी दुकानात सोडली आणि वेळ जाईना म्हणून काचेच्या दालनात फिरू लागलो, तोवर. तिथं माझीच गाडी उभी होती. तोच बांधा, तेच डोळे. रंगही जवळपास तोच. फक्त दोन लिटरचं इंजिन. विकणारा पोरगा माझ्या मुलाहून लहान, पण इथल्या रीतीप्रमाणं मला नावानं हाक मारून म्हणाला, "तुमचीच गाडी आहे, फक्त जास्त."

मग त्यानं ते 'जास्त' समजावून सांगितलं. या इंजिनात २०१८ साली सुधारणा झाली होती. एकेक पिस्टन २७ ग्रॅमनं आणि एकेक कनेक्टिंग रॉड ४१ ग्रॅमनं हलका केला होता. त्यामुळं पूर्वी मिनिटाला ६८०० फेऱ्यांशी थांबणारं इंजिन आता ७५०० पर्यंत जात होतं आणि अश्वशक्ती १६० वरून १८४ झाली होती. उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला माझ्या गाडीला ८.३ सेकंद लागतात, हिला ६.५. म्हणजे फरक १.८ सेकंदांचा. माझी गाडी देऊन आणि वर बरीच रक्कम मोजून मला पावणेदोन सेकंदांहून थोडं जास्त काहीतरी मिळणार होतं. हे गणित मी तेव्हा असं मांडलं नाही. मी विचारलं एवढंच, "एक चक्कर मारता येईल?"

पोरगा शेजारी बसला आणि आम्ही निघालो.

खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं मी पोरकट आनंदात होतो. गाव सुटलं, माळ लागला, मी ॲक्सिलरेटर दाबला आणि पाठीला कुणीतरी हात लावून ढकलल्यासारखं झालं. माझी गाडी जे मागून घेते ते ही न मागता देत होती. फेऱ्यांचा काटा अर्ध्यावर आला नाही तोच जोर येई. माझ्या गाडीत त्यासाठी इंजिनाला गायला लावावं लागतं. वर्षानुवर्षं ज्या बाईशी संसार केला तिनं एके दिवशी सकाळी उठून मल्लखांब करून दाखवावा, तशी माझी अवस्था झाली.

शेफील्डहून हॅथरसेजकडं उतरताना रस्ता खडकांमधून एक वळण घेतो आणि वळणाबरोबर होप व्हॅलीचं सगळं खोरं एकदम समोर उघडतं. या जागेचं नावच 'सरप्राइज व्ह्यू'. शेकडो वेळा गेलो असेन, तरी दर वेळी मला ते खोरं नवं वाटतं. त्या दिवशी वळण आलं, मी ब्रेक लावला, नवखा जोर सांभाळत चाक धरलं, आणि सरळ रस्त्याला लागल्यावर लक्षात आलं की खोरं बघायचं राहून गेलं. येताना बघू, असं म्हटलं.

हॅथरसेज मागं पडलं. होपच्या वाटेवर पुढं एक ट्रॅक्टर लागला. मागं गवताच्या पेंढ्यांनी भरलेली गाडी. माझ्या गाडीत असतो तर त्याच्यामागं राहिलो असतो. ओलांडायचं मनातही आलं नसतं, कारण तेवढ्या जागेत ते जमणार नाही हे माझ्या उजव्या पायाला ठाऊक आहे. पण इथं पायाखाली जास्त होतं. पुढचा रस्ता मोकळा दिसला. मी दुसरा गिअर टाकला आणि बाहेर निघालो.

मोकळा दिसलेला रस्ता मध्येच खोलगट होता. त्या खोलगट जागेतून एक निळी गाडी वर आली.

पुढचं सगळं दोनतीन सेकंदांत झालं. मागं व्हायला उशीर झाला होता. मी पाय पुरता दाबला, गाडी किंचाळत पुढं गेली, ट्रॅक्टरच्या नाकासमोरून मी आत शिरलो आणि निळी गाडी लांबच लांब भोंगा वाजवत शेजारून निघून गेली. अंतर राहिलं होतं. फार नव्हतं. निळ्या गाडीत मागं एक लहान मूल बसलेलं मला दिसलं. शेजारचा पोरगा आपल्या बाजूला नसलेला ब्रेक दोन्ही पायांनी दाबून बसला होता.

मी होपला गाडी वळवली. बराच वेळ कुणीच बोललं नाही. वाचलो ते गाडीच्या ताकदीमुळं, यात शंका नाही. माझ्या गाडीत त्या क्षणी वाचलो नसतो. पण माझ्या गाडीत तो क्षण आलाच नसता. आजवर मी ज्याला माझा शहाणपणा समजत होतो, त्यातला बराचसा माझ्या इंजिनाचा होता. इतकी वर्षं मी एकही वेडं धाडस केलं नव्हतं, ते करायला हाताशी काही नव्हतं म्हणून. हे साठीच्या उंबरठ्यावर कळणं काही सुखाचं नव्हतं. गाडीला मी दोष देत नाही. तिला पेलणारे हात असतातच. ते माझे नव्हते, एवढंच.

परतताना हॅथरसेजची चढण लागली. ती मला फार प्रिय आहे. माझ्या गाडीत इथं चौथा गिअर पुरत नाही. तिसरा टाकायचा, इंजिनाचा सूर वर न्यायचा, वळणाआधी जरा सोडायचं, पुन्हा उचलायचं. दर वेळी ती चढण मी दादांच्या शेजारी बसून चढतो म्हणा ना. नव्या गाडीनं ती चौथ्यातच, काही झालंच नाही अशी, चढून टाकली. शांतता मोडावी म्हणून पोरगा म्हणाला, "बघा, गिअर बदलावाच लागला नाही!"

बिचाऱ्यानं ते कौतुकानं सांगितलं. मी किल्ली परत दिली, आभार मानले आणि विचार करून कळवतो म्हणालो. त्यानंही फार आग्रह केला नाही.

माझी गाडी तयार होती. घरी जायचा रस्ता जवळचा होता, पण मी पुन्हा डोंगराकडं वळलो आणि सरप्राइज व्ह्यूपाशी थांबलो. संध्याकाळचं ऊन खोऱ्यात उतरलं होतं. लांबवर सिमेंटच्या कारखान्याचं धुराडं दिसत होतं, गडग्यांच्या चौकटीत मेंढ्या चरत होत्या. तिथं बसून मी ते गणित केलं. ताशी ६० मैल वेगानं गाडी सेकंदाला सुमारे २७ मीटर जाते. १.८ सेकंदांत ४८ मीटर. निळ्या गाडीच्या आणि माझ्यामध्ये तेवढे तरी राहिले होते का, ते काही केल्या आठवेना. निघताना बॉनेटवर थाप मारली. कुणी पाहिलं नसावं.

घरी बायकोनं विचारलं, "एवढा उशीर? नवी गाडी घेऊन आलात की काय?"

"चालवून पाहिली," मी म्हटलं. "नको वाटली."

"का हो? चांगली नव्हती?"

"चांगली होती. पण गिअर बदलावाच लागत नाही."

तिनं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं. दर रविवारी आम्ही अजून त्याच गाडीतून जातो. ट्रॅक्टर आडवा आला की मी त्याच्यामागं मुकाट राहतो, आणि "अहो, किती ही सोशीक वृत्ती आली तुमच्यात!" असं ती कौतुकानं म्हणते. मी काही बोलत नाही.

ट्रॅक्टरची गोष्ट मी तिला आजपर्यंत सांगितलेली नाही. पण दिवाळी अंक आमच्या घरी आधी तिच्या हातात पडतो, आणि तो ती पहिल्या पानापासून वाचते.